साडेनऊ पडद्यांवरचा धूमकेतू

मिरजेच्या कुतुबुद्दीन सतारमेकरानं वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत आभाळाकडे दोनच कामांसाठी पाहिलं होतं. एक, ईदचा चांद. दुसरं, माळवदावर वाळत टाकलेल्या भोपळ्यांवर पाऊस पडणार की काय. असा माणूस अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीनंतर रोज भल्या पहाटे बायकोची गोधडी पांघरून, हातात बिनतारांची सतार घेऊन माळवदावर चढू लागला, तेव्हा गल्लीनं दोन तर्क केले. एकतर याला वेड लागलं, नाहीतर हा आता पीर होणार. गल्लीचा कल पहिल्या तर्काकडे होता.

खरं कारण त्यानं अख्तरबीलासुद्धा, म्हणजे जिची गोधडी नेली होती तिलासुद्धा, सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे चालले होते.

पावसाळ्यात एका तंबोऱ्यावर वेलबुट्टी कोरताना पान देठ सोडून बोटभर अलीकडेच उगवलं. कुतुबुद्दीननं दिव्याला शिव्या दिल्या. रॉकेल रेशनवर, दिवा मिणमिणता, त्यामुळे शिव्या पटण्यासारख्या होत्या. मग एक जवारी बिघडली. जवारी म्हणजे तारेखालच्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा, की तार छेडल्यावर सूर गुणगुणत राहावा. केसाएवढी चूक झाली की सूर मेला. या वेळी त्यानं कानशीला दोष दिला, मग लाकडाला, मग गिऱ्हाइकाच्या कानाला. दोष द्यायला जगात काही उरलं नाही, तेव्हा त्याला अब्बा आठवले. अब्बांचे डोळे याच वयात गेले होते. पुढची चौदा वर्षं ते दुकानाच्या उंबऱ्याशी बसून पायाची चाहूल लागली की विचारत, "कोण? कोण हाय?" कुतुबुद्दीनला मरणाची भीती नव्हती, पण या शब्दांची होती.

मिरजेत दवाखाने पायलीचे पन्नास. पण डोळ्यांच्या डॉक्टरच्या पायरीवर सतारमेकर दिसला, की ती बातमी त्याच्याआधी घरी पोचायची आणि तिथून थेट गवयांच्या बैठकीत. मग सतार करायला कोण टाकणार? म्हणून त्यानं आपला उपाय आपणच शोधला.

उपाय शेजारच्या माळवदावर उगवला होता. शेजारी लालासाहेब, महायुद्धात तोफखान्यात हवालदार. गोळा कुठं पडला ते दुर्बिणीतून बघायचं आणि वहीत लिहायचं, हे त्याचं काम. युद्ध संपलं, पण वही संपली नाही. म्हैस किती वाजता बसली, किती वाजता उठली, हेही तो लिहून ठेवी. मात्र जे दिसलं नाही ते त्यानं कधी लिहिलं नाही. त्याची सासू तिच्या गावी आजारी पडली तेव्हा नातेवाइकांना "प्रकृतीस आराम" असं पत्र लिहायला बायकोनं सांगितलं, तर हा म्हणाला, "मी बघितलेलं न्हाई." आठ दिवस बायकोनं त्याच्यासाठी चूल पेटवली नाही.

असा हा लालासाहेब दिवाळी सरल्यावर एका पहाटे ओरडला, "कुतुबभाई, वर या! शेंडेनक्षत्र आलंय!"

कुतुबुद्दीन वर गेला. पूर्वेला, चित्रा ताऱ्याच्या वरच्या अंगाला, पांढरी लांब शेपटी पसरून धूमकेतू उभा होता. तो इतका लख्ख दिसला की कुतुबुद्दीनच्या डोळ्यांत पाणी आलं. गावाला त्यात दुष्काळ दिसला, लढाई दिसली. याला दिसलं ते एवढंच, की आपल्याला दिसतंय. त्यानं ठरवलं, रोज बघायचं. जोवर हा दिसतोय, तोवर आपण अब्बा नाही.

आता या शहाण्याला काय म्हणावं? सगळ्या आभाळात वर्षानुवर्षं एका तेजानं जळणारे तारे पडले होते. ते सोडून डोळे जोखायला यानं धरला तो नेमका स्वतःच विझत जाणारा पाहुणा. विट्याच्या गलाईवाल्यानं, म्हणजे सोनं गाळणाऱ्यानं, बर्फाचा तोळा करून सोनं तोलावं, तशातली गत.

लालासाहेबाला जोडीदार हवाच होता. मधला कठडा ओलांडून तो रोज कुतुबुद्दीनच्या माळवदावर येऊ लागला. उजेडाचा अंदाज त्याचा, जागा मोजायची कुतुबुद्दीननं. कुतुबुद्दीन एक डोळा मिटून सतारीची दांडी हात लांब करून धरी, एक टोक चित्रेला लावी आणि धूमकेतू दांडीवरच्या कितव्या पडद्याला, म्हणजे धातूच्या आडव्या सळीला, येतो ते सांगे.

"चार पडदे!"

"आवं, पण तुमचं पडदं काय सारख्या अंतरावर न्हाईत," लालासाहेब कुरकुरला.

"मग तारा तरी कुठं सारखा चालतोय? तुमी लिवा."

पाच झाले, सहा झाले. रोज धूमकेतू सूर्यापासून दूर, वर उजवीकडे सरके, आणि रोजचं सरकणं आदल्या दिवसापेक्षा थोडं कमी भरे. कुतुबुद्दीनला ते लगेच उमगलं. सतारीचे पडदेही असेच जवळजवळ येत जातात. मग मध्येच पौर्णिमा आली आणि पहाटेच्या आभाळात चंद्र ठाण मांडून बसला. धूमकेतू फिकुटला. कुतुबुद्दीननं आठवडाभर चंद्राला लाखोली वाहिली. दोष द्यायला कोणी मिळालं की त्याला तरतरी वाटे.

पण चंद्र गेला, काळोख परत आला, आणि धूमकेतू परत आला नाही. चित्रा तेवढी दिसत होती, तीही पाण्यात पडल्यासारखी. 

"सांगा," लालासाहेब पेन्सिल घेऊन उभा.

कुतुबुद्दीननं दांडी उचलली. काल आठ होते. "साडेआठला थोडं कमी," तो म्हणाला.

"बराबर!" दुर्बीण लावून लालासाहेब म्हणाला. "पन फिका पडला हं गडी. लय फिका."

"फिका पडलाय? खरंच?"

"तर! चालला की आता लांब."

त्या दिवशी कुतुबुद्दीननं अख्तरबीला बाजारातून बांगड्या आणल्या. तिनं नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. "अजी, तब्येत बरी हाय ना? बांगड्या दोन मापं मोठ्या हायत."

"दुकानदारानं फसवलं."

"हां. त्याचे डोळे गेले असतील," अख्तरबी म्हणाली, आणि कुतुबुद्दीननं बांगड्या गुपचूप परत पुडीत बांधल्या.

फिका पडला, हे खरं. पण किती फिका? नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही इतका, की फक्त आपल्याला दिसत नाही इतका? हा एक प्रश्न विचारायची हिंमत त्याला होईना. आठ दिवस तो न दिसणाऱ्या धूमकेतूचे पडदे मोजत राहिला. रोज लालासाहेब दुर्बिणीतून ताडून म्हणे, "बराबर."

नवव्या पहाटे तो वर गेला. आज चित्राही नव्हती. काहीच नव्हतं. काळोखात काळोख. संपलं, त्याला वाटलं, आता उंबरा आणि चौदा वर्षं.  तरी त्यानं दांडी उचलली, हवेत रोखली आणि म्हणाला, "साडेनऊ."

 लालासाहेबाची पेन्सिल वाजली नाही.

तेवढ्यात सतारीच्या भोपळ्यावर टप्प झालं. मग दांडीवर. मग कपाळावर.

"पाऊस?" कुतुबुद्दीन म्हणाला. "ढग हायत? समदीकडं?" आणि तो हसत सुटला. चित्रा ढगाआड होती! चित्रा जाग्यावर होती!

"कुतुबभाई," लालासाहेब हळूच म्हणाला, "मग साडेनऊ कशावरनं सांगितलंसा?"

हसणं तिथंच थांबलं. 

"कवापासनं दिसत न्हाई?"

"आठ रोज." कुतुबुद्दीननं सतार खाली ठेवली. आता लपवायला काही नव्हतं, मग विचारायलाही हरकत नव्हती. "हवालदार, एक सांगा. तुमास्नी बिनदुर्बिणीचा दिसतोय का अजून? कालपतुर दिसत हुता का?"

लालासाहेबानं पेन्सिल कानामागं खोचली. 

"न्हाई," तो म्हणाला. "आमालाबी न्हाई दिसत. कुनालाच न्हाई."

बिघडलेली जवारी कुतुबुद्दीनला भिंतीपलीकडूनही कळायची. आयुष्यात पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलेल्याहून वेगळं बोलणाऱ्या त्या माणसाचा सूर त्यानं ऐकला, आणि मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. "वही झाका. भिजंल."

मग जिन्याच्या दिशेनं त्यानं हात पुढे केला, आणि लालासाहेबानं तो धरेपर्यंत तसाच धरून ठेवला.