दुसरी चिठ्ठी

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करणारे. आठवड्याचे सहा दिवस इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत उतरायचं, ग्रीसने माखलेले दोर तपासायचे, डब्याच्या टपावर उभं राहून वर-खाली करायचं आणि संध्याकाळी घरी येऊन तीनदा हात धुवूनही माझा टॉवेल काळा करायचा. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, रविवारी तरी हा माणूस झोपेल. कसलं काय! पहिल्याच रविवारी उजाडता उजाडता मला हलवून उठवलं आणि म्हणाले, "चल, फुलपाखरं बघायला." मी म्हटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. पुढची एकतीस वर्षं नव्हती.

गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीमागे एक उतार होता. गवत, दगडगोटे, काटेरी झुडपं, मध्येच पडलेला सिमेंटचा फुटका पाइप. कुणी ढुंकून बघणार नाही अशी जागा. पण थंडी ओसरली की मोसमातली पहिली फुलपाखरं आधी तिथे यायची. मग हे लायब्ररीच्या दारावर कागद चिकटवायचे : रविवारी सकाळी सात वाजता टाकीपाशी जमावे. पायात बूट हवेत. गप्पा नकोत. हे शेवटचं वाचून निम्मे लोक यायचेच नाहीत. मी कितीदा म्हटलं, अहो, तेवढं वाक्य काढा. तर म्हणायचे, "उरतील ते कामाचे असतील."

उरायचे तरी पंधरा-वीस जण. औषधांच्या दुकानाचा मालक, ड्रायव्हिंग शिकवणारे काका, लाँड्रीवाल्या दोघी बहिणी, भूगोलाच्या बाई. कुठली जात त्या वर्षी पहिल्यांदा कधी दिसली, किती वाजता, ऊन होतं की ढग, सगळं यांच्या जाड वहीत जायचं. आणि माणसं म्हटली की चढाओढ आलीच. औषधवाल्याला सगळं सगळ्यांच्या आधी दिसायचं. बसमधून एक पाय खाली ठेवला की याच्या तीन जाती मोजून झालेल्या!

तेव्हा यांनी चिठ्ठीचा नियम काढला. तो आला लिफ्टच्या कामातून. तिथे एक जण खाली विहिरीत असतो आणि एक वर मोटरपाशी. खालचा बाहेर आला का, हे दोघांनी वेगवेगळं बघितल्याशिवाय स्विच चालू करायचा नाही. यांच्या एका सोबत्याची दोन बोटं गेली ती वरच्याने न बघता हो ला हो केलं म्हणून. त्यामुळे हे या बाबतीत फार कडक. फुलपाखरू दिसलं की ओरडायचं नाही, नुसता हात वर करायचा. मग हात वर करणारा आणि त्याच्या शेजारचा, दोघांनी एकमेकांकडे पाठ करून आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं : काय दिसलं, कुठे दिसलं, पंखावर काय होतं. दोन चिठ्ठ्या जुळल्या तरच वहीत नोंद. महिन्याभरात औषधवाला रुसून बसला आणि यायचा बंद झाला. मला तर हायसं वाटलं.

या सगळ्यांत यांचा जीव एकाच फुलपाखरावर. आम्ही त्याला 'बटण' म्हणायचो, कारण ते शर्टाच्या बटणाएवढंच. वरून निळसर राखाडी, पंख मिटले की खाली ठिपक्यांची रांग आणि शेवटच्या ठिपक्याभोवती बारीकसं नारिंगी कडं. आमच्या भागात ते त्या उतारावरच, तिथल्या एका ठेंगण्या तणावर बसायचं. ज्या रविवारी बटणाची नोंद व्हायची त्या दिवशी हे घरी येऊन शीळ घालत भांडी घासायचे. एरवी भांड्यांना हात लावतील तर शपथ!

हळूहळू लोक गळाले. काका गेले, बहिणींचे गुडघे गेले, भूगोलाच्या बाई मुलाकडे राहायला गेल्या. शेवटची चार वर्षं आम्ही दोघंच. नवरा-बायकोची निसर्गफेरी! शेजारीपाजारी हसायचे. हसू देत मेले.

आणि यंदा टाकीच्या भिंतीवर नोटीस लागली. उतार सपाट करून तिथे ट्रक उभे करायची जागा होणार. हे वही काखोटीला मारून सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या मॅडम काही वाईट नव्हत्या. त्यांनी वही पान न् पान बघितली. म्हणाल्या, "दुर्मीळ जात तिथे राहते असं दाखवता आलं, तर काम थांबवता येईल. तुमच्या मागच्या तीन वर्षांच्या नोंदी चांगल्या आहेत. यंदाचीही आणा. महिना संपायच्या आत." म्हणजे आमच्या हातात पाच रविवार.

चार कोरडे गेले. पिवळी दिसली, पांढरी दिसली, बटण नाही. यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दर दोन मिनिटांनी खिडकीशी जाऊन उन्हाचा अंदाज घ्यायचे. मी वैतागून म्हटलं, त्या सूर्याला नजर लावाल. तर हसलेसुद्धा नाहीत.

आता माझं सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांपुढे धुरकट यायला लागलं. दिवे पसरट दिसायचे, सुईत दोरा नुसत्या अंदाजाने घालायचे. मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर दुसरी चिठ्ठी कोण लिहिणार होतं? फेरी बंद पडली असती, वही बंद पडली असती आणि मग या माणसाला रविवारी कशासाठी उठवायचं? मग मी काय करायची, यांच्या पाठीकडे बघायची. बटण दिसलं की यांचे खांदे वर जायचे आणि श्वास अडकायचा. तेवढं मला दिसत होतं. बाकी सगळं तोंडपाठ : ठिपके, नारिंगी कडं, ठेंगणं तण. लिहून मोकळी व्हायची. चिठ्ठ्या तंतोतंत जुळायच्या. मला पाप वाटलं नाही, खरं सांगते. यांना दिसलंय ना, मग माझी चिठ्ठी म्हणजे नुसती सही, असं मी धरून चालले.

पाचव्या रविवारी फुटक्या पाइपाजवळ हे थबकले. खांदे वर गेले. हात वर झाला. पाठ करून मी झरझर लिहिलं, नारिंगी कडं जरा ठळकच लिहिलं. मग आम्ही चिठ्ठ्या बदलल्या.

यांच्या चिठ्ठीवर होतं : काहीतरी हललं. ओळखू आलं नाही.

माझी चिठ्ठी वाचून यांचा चेहरा असा उजळला की मला रडूच यायला लागलं. "तुला दिसलं? कडंसुद्धा दिसलं?"

"हो."

"बसलं कुठे?"

"तिथे. त्या तणावर."

मी बोट दाखवलं. हे गुडघ्यांवर बसले, वाकून बघितलं, मग हात घालून ते उचललं. कुणीतरी टाकलेलं हिरवं फडकं होतं, गाडी पुसायचं. ते हातात धरून हे माझ्याकडे बघत राहिले. "अगं, तण नाही हे. फडकं आहे. तुला दिसत नाही?"

मी खाली दगडावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता तोफ सुटणार. सुटायला हवी होती. पण यांनी नुसतं विचारलं, "गेल्या वर्षी?"

"नव्हतं दिसलं."

"त्याच्या आदल्या?"

"तेव्हाही नाही हो. तिन्ही वर्षी नाही. पण तुम्हाला दिसलं होतं ना!"

हे बराच वेळ फडक्याची घडी घालत बसले. मग म्हणाले, "मलाही नक्की दिसलं नव्हतं. निळसर काहीतरी उडायचं, गवतात जायचं. बटणच असेल असं वाटायचं. शंका असायची, तरी मी चिठ्ठीवर बटणच लिहायचो. म्हटलं, आपलं चुकलं असेल तर हिची चिठ्ठी जुळणार नाही. नियम आहेच की. आणि तुझी चिठ्ठी बघितली की त्यात कड्यासकट सगळं. मला वाटायचं, हिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले."

"मग आज का नाही लिहिलंत?"

"आजची कार्यालयात जायची होती. हात धजला नाही."

म्हणजे तीन वर्षं बटण कुणीच बघितलं नव्हतं. यांनी माझ्या भरवशावर लिहिलं, मी यांच्या. ते बिचारं कधी नाहीसं झालं, याचा आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता.

घरी आल्यावर यांनी तांबडी पेन्सिल काढली आणि पट्टी धरून तीन नोंदींवर काट मारली. मी आडवी आले. म्हटलं, "अहो, कुणाला कळणार आहे? बटण नसेल, पण बाकीची आहेत ना! उतार तरी वाचेल!"

"मला कळलंय ना," हे म्हणाले.

"मग घाला ती वही चुलीत!" मी ओरडले. इतकी वर्षं मीही ते ऊन खाल्लंय, तो उतार काय एकट्या यांचा होता? पण हे कशाला ऐकतायत.

सोमवारी आम्ही दोघं कार्यालयात गेलो. मॅडमनी काट मारलेली पानं बघितली, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, मी शुक्रवारीच शिफारस लिहून ठेवली होती. या तीन नोंदींवर. यंदाची नसती आली तरी बहुतेक भागलं असतं." मग वही मिटत म्हणाल्या, "आता मला ती काढून घ्यावी लागेल."

"घ्या काढून," हे म्हणाले. मी त्या बाईंच्या हातातून वही हिसकावून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

दहा दिवसांत उतार सपाट झाला. टाकीमागे आता ट्रक उभे असतात. लायब्ररीच्या दारावर कागद लागत नाही. रविवारी हे नऊ वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असतात. लग्न झाल्यावर मला हेच हवं होतं. झोपलेले नसतात, मला कळतं. एकदा मी म्हटलं, नुसतं फिरून तरी येऊ. तर म्हणाले, "मला काय दिसलं आणि तू म्हणालीस म्हणून काय दिसलं, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. जाऊन काय करू?"

मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. माझं ऑपरेशन ठरवलं, रजा टाकली, दिवसातून चार वेळा घड्याळ लावून डोळ्यांत थेंब घातले. ग्रीसच्या हातांनी, पण इतके हलके की पापणीसुद्धा हलू नये. माझा जीव नुसता तळतळायचा. एकदा तोंडभरून शिव्या घाला ना, म्हणावंसं वाटायचं.

महिन्याने तपासणीला गेलो. डॉक्टरांनी समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मी वरच्या मोठ्या अक्षरापासून सुरुवात केली आणि न अडखळता पार शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत आले. सगळं लख्ख! भिंतीचा पोपडासुद्धा दिसत होता. मला इतका आनंद झाला की मी लहान मुलीसारखी यांच्याकडे वळले.

हे खुर्चीतून उठून डॉक्टरांपाशी गेले होते. वाकून हळू आवाजात विचारत होते, "बरोबर वाचलं का हिने?"

"अहो, सगळं बरोबर," डॉक्टर हसत म्हणाले.

यांनी मान हलवली. तरी भिंतीपाशी गेले आणि शेवटची ओळ स्वतः वाचून आले.