चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

कोणत्याही दोन वस्तू ज्याला कधीच सारख्या दिसत नसत असा गोंदिया जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. तुम्ही-आम्ही बशीतल्या दोन जिलब्या पाहतो आणि खातो. आमचे साडूभाऊ आधी त्या शेजारी-शेजारी ठेवत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "मास्तर, ही डावीकडची जाड आहे." मी तिरोड्याच्या कॉलेजात मराठी शिकवत असल्यामुळे त्यांच्या लेखी मी 'मास्तर'. ते स्वतः दातांचे डॉक्टर. मूळ गाव केशोरी, घर आणि दवाखाना गोंदियात, आणि जीव मात्र रायफलीच्या रिकाम्या पुंगळ्यांत. गोळी सुटून गेल्यावर मागे जी पितळी नळी उरते, ती. लोक ती पायानं बाजूला सारतात. साडूभाऊ ती रुमालात बांधून घरी आणत.

गोंदियाबाहेर मुरमाच्या खाणीपाशी एक छोटा नेमबाजी क्लब होता. महिन्यातून एका रविवारी साडूभाऊ तिथे जायचे. काडतुसं पुन्हा भरण्याचा परवाना क्लबाचा होता, म्हणून दारू आणि गोळी भरण्याचं काम तिथेच, एका निवृत्त सुभेदारांच्या नजरेखाली चाले. घरी दारूचा कणही येत नसे. घरी फक्त पुंगळ्यांची तयारी. पण 'फक्त' म्हणणाऱ्या माणसानं ती तयारी एकदा पाहायला हवी होती. मुलीच्या लग्नाआधी आईबाप करतात त्याहून ती जास्त होती, आणि ती कधी संपतच नसे.

आधी बुडातली जुनी टोपी, म्हणजे दारूला ठिणगी देणारी ती इवलीशी वाटी, ठोकून काढायची. मग आंघोळ. मग एका फिरत्या डब्यात घालून तासन्‌तास घुसळायचं. त्या डब्यात परदेशात म्हणे अक्रोडाच्या टरफलाचा चुरा घालतात. साडूभाऊंनी विचार केला, आपण भाताच्या गावात राहतो. त्यांनी कनकी घातली. पुंगळ्या चकाकल्या खऱ्या, पण तांदळाचा तुकडा प्रत्येकीच्या बुडातल्या बारीक भोकात असा काही जाऊन बसला की पुढचा अख्खा रविवार साडूभाऊ सुईनं कण काढत बसले होते. नंतर ते राइस मिलमधून धानाचा भुसा आणू लागले. मिलवाले शेटजी म्हणाले, "डॉक्टर साब, दुनिया चावल ले जाती है, आप भूसा?" साडूभाऊंनी त्यांनाच उलट विचारलं की कोणत्या वाणाचा भुसा जास्त खरखरीत असतो. शेटजींना आयुष्यात हा प्रश्न पडला नव्हता. पण त्या दिवसापासून ते मिलमध्ये मूठभर भुसा हातात घेऊन चोळत उभे असलेले दिसू लागले. साडूभाऊंच्या उत्सुकतेची अशी लागण होई.

दवाखाना आणि पुंगळ्या यांच्यामध्ये एक पडदा होता, तोही नावापुरता. दातातली कीड शोधायची वाकडी सुई पुंगळीच्या पोटात घालून ते आतून चाचपत, बुडाजवळ कुठे भेग धरली आहे का ते पाहत. सुई अर्थात उकळून घेत. कशाच्या आधी उकळतात, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. एकदा मी स्वतः खुर्चीत तोंड उघडून पडलो होतो. साडूभाऊ माझ्या दाढेत वाकले आणि तृप्त आवाजात पुटपुटले, "भिंत शाबूत आहे. अजून चार वेळा भरता येईल." दाढ म्हणायची होती की पुंगळी, हे आजही मला ठाऊक नाही.

त्या काळी आमच्याकडे लोडशेडिंग असे. संध्याकाळी दिवे गेले की सारं गोंदिया सरकारला शिव्या घाली, आणि साडूभाऊ एकटे आनंदानं उठत. सारखं वापरून पुंगळीची मान, म्हणजे गोळी बसते ते तोंड, कडक होते, म्हणून ती ज्योतीवर तापवून नरम करावी लागते. किती तापली ते रंगावरून कळतं, आणि तो रंग अंधारातच नीट दिसतो. मग परातीत पाणी, पाण्यात उभ्या पुंगळ्या, वरून ज्योत, आणि त्या उजेडात साडूभाऊंचा चेहरा. माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, कंदील घेऊन दारात येत. "काऊन जी, लोकायच्या घरी अंधारात देवाचं नाव घेतेत, अन् तुमी पितळ जाळून राहिले?" साडूभाऊ म्हणत, "तो कंदील मागं घे, रंग दिसून नाई राहिला." आणि ताई कंदील मागे घेत.

एवढं सगळं करून पुंगळ्या सोनाराच्या काट्यावर तोलायच्या, व्हर्नियरच्या चिमट्यानं मोजायच्या आणि सारख्या वजनाच्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवायच्या. कशासाठी? तर शंभर मीटरवर मारलेल्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जाव्यात. तेवढी एकच हौस. ती कधी पुरी झाली नव्हती. एखादी गोळी बाहेर जाईच, आणि साडूभाऊंनी त्या पुंगळीत दोष शोधला नाही असं कधी झालं नाही. हिची मान एका बाजूला जाड होती, तिची कड तिरपी कापली होती. सुभेदार म्हणत, "डॉक्टर साब, गोली को थोड़े ही मालूम है कि खोखा आपने तौल के रखा है." साडूभाऊ शांतपणे सांगत, "मालूम है. उसी को मालूम है."

हे वेड फक्त पितळापुरतं होतं असंही नाही. आम्ही एकदा सहकुटुंब बोदलकशाला गेलो होतो. मंडळी तलाव पाहत होती, आणि साडूभाऊ एका जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी मांडी घालून बसले होते. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या एक-एक तळहातावर घेऊन त्यांनी विचारलं, "या सगळ्या सारख्या वजनाच्या असतात का?" म्हातारा म्हणाला, "मासा का तोलून पायते का जी?" आम्ही सगळे हसलो. साडूभाऊ मात्र परतीच्या वाटेवर, तिरोडा आल्यावर म्हणाले, "पण जाळं एका बाजूनं आधी बुडत असेल ना?"

मग एका उन्हाळ्यात पुंगळीच्या कडेवर व्हर्नियर टकटक वाजू लागला. साडूभाऊ म्हणाले, जुना झाला, सैल पडला. नवा आणला. तोही वाजू लागला. ताईंनी त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या हाताला कंप आहे, औषधानं आटोक्यात राहील पण जाणार नाही, आणि दवाखाना चालवायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

दुसरा कोणी असता तर त्यानं चार लोकांना विचारलं असतं. साडूभाऊंनी मला आणि ताईंना समोर बसवून सांगितलं, "येत्या रविवारी पाच गोळ्या मारतो. पाचही रुपयाखाली आल्या तर दवाखाना चालू. नाही तर बंद." मी म्हणालो, अहो, हे काय भलतंच! ते म्हणाले, "मास्तर, हात खरा आहे की नाही हे मला दुसरं कोण सांगणार? पेशंट तर दुखलं तरी बरंच म्हणतात." त्यांनी आयुष्यभराच्या साठ्यातून सर्वांत निर्दोष पुंगळ्या निवडून एका डब्यात ठेवल्या.

शनिवारी सकाळी मी गेलो तर साडूभाऊ गच्चीवर पुतळ्यासारखे उभे. समोर सुपात त्या निवडक पुंगळ्या वाळत होत्या, शेजारच्या सुपातल्या मुगवड्यांइतक्याच शांतपणे. ताईंनी त्या चिंचेनं खसखसून घासल्या होत्या, आणि बाकीच्या डब्यांतल्याही घासून, जागा पुरेना म्हणून सगळ्या एकत्र ओतल्या होत्या. वर्षानुवर्षांची वजनं, मापं, प्रतवारी, सगळं एका सुपात. "तुमच्या परीक्षेले जाऊन राहिल्या," ताई म्हणाल्या, "चमकल्या पायजेत का नाई?" मला वाटलं, आता या घरात पहिल्यांदाच आवाज चढणार. साडूभाऊंनी एक पुंगळी उचलली, उन्हात फिरवली आणि म्हणाले, "मास्तर, गुलाबी झाक आली आहे. चिंच पितळातलं जस्त खाते वाटतं. पाहू तरी काय होतं." मग त्यांनी डोळ्यांना बऱ्या दिसल्या त्या पाच वेचल्या. तोलायला वेळ नव्हता, आणि हातही नव्हता.

रविवारी ताई जन्मात पहिल्यांदा क्लबात आल्या. पुंगळ्या तिथेच भरून झाल्या, आणि साडूभाऊ रायफल घेऊन पालथे झाले. पहिली गोळी गेली, दुसरी, तिसरी, चौथी. सुभेदार दुर्बिणीला डोळा लावून होते. ते हळूच म्हणाले, "चारों एक ही छेद में." इतकं चांगलं साडूभाऊंनी कधीच मारलं नव्हतं. पाचवीला फार वेळ लागला. गोळी सुटली तेव्हा सुभेदारांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. त्यांनी हाताचा पंजा उघडून दाखवला, एवढी बाहेर.

तेवढ्यात ताई पुढे आल्या. "माह्यानंच झालं ते. एक पुंगळी मी जास्तच घासली होती. चिंचेनंच बिघडली असन." आयुष्यभर ज्या बाईनं या पितळाला सवत मानलं, ती त्याचा दोष आपल्या अंगावर घेत होती. मी मनातल्या मनात विनवत होतो, माना हो, साडूभाऊ, एवढं एकदा माना. त्यांनी पाचवी पुंगळी उचलली. कड पाहिली, मान पाहिली, बूड पाहिलं. त्यांना काय दिसलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तिच्यात काहीच खोट नव्हती. पण ते ताईंकडे वळून म्हणाले, "हो. हीच जास्त घासलेली दिसते." आणि घरी येईपर्यंत स्कूटरवरून ते ताईंना चिंच आणि पितळ यांचं नातं समजावत राहिले.

मला वाटलं, सुटलो, आता दवाखाना चालू राहणार. सोमवारी मी मुद्दाम दवाखान्यात डोकावलो. खुर्चीत केशोरीचे एक आजोबा होते, गाल सुजलेला. साडूभाऊंनी त्यांची दाढ पाहिली, हात धुतले, पुसले, आणि त्यांना बसस्टँडजवळच्या तरुण डॉक्टरकडे जायला सांगितलं. आजोबा उठेनात. "तुमीच काढा ना जी. तुमच्या हातानं दुखत नाई."

"आता दुखन, बाबा," साडूभाऊ म्हणाले.

त्यांनी आजोबांना आधार देऊन बाहेर आणलं, रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. मी आधीच रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो होतो. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते दारात उभे होते.