नानाचे ताट

भरल्या ताटावरून मी उठलो. या प्रवासात पाहिलेले, खाल्लेले, ऐकलेले पुढे सांगणारच आहे. पण ही चूक आधी सांगितली नाही तर बाकीचे सांगण्याचा मला अधिकार उरत नाही.

पुण्यात आम्ही काही जण एका शब्दकोशाचे काम करतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचे शब्द, म्हणजे देव, भुते, बाधा, मेलेली माणसे यांच्याविषयी लोक बोलताना वापरतात ते, माझ्या वाट्याला आले होते. पुस्तकी शब्द घरबसल्या मिळाले: अतींद्रिय, पारलौकिक, अदृष्ट. बोलण्यातले हवे होते, म्हणून वैशाख लागताच खानदेशात निघालो. निरोप द्यायला घरी कोणी नव्हते. पत्नी जाऊन चार वर्षे झाली होती. कुलूप लावून किल्ली शेजारी दिली.

जळगावला पहाटे उतरलो. फलाटापलीकडे वॅगनमध्ये केळीचे घड रचले जात होते आणि हिरव्या सालीचा तुरट वास साऱ्या स्टेशनात भरला होता. तेथून सुरतेकडे जाणारी गाडी धरून धरणगाव गाठले. एका सहकाऱ्याच्या ओळखीचे शेतकरी पलीकडच्या खेड्यात राहत. त्यांना सारे आबा म्हणतात. त्यांनी स्टेशनवर बैलगाडी पाठवली होती. दोन्ही बाजूंना काळी जमीन उन्हाने तडकलेली होती. भेगांत हात जाईल इतकी.

"पुन्याथीन उनात? कसासाठे?" गाडीवानाने विचारले.

मी कामाचे स्वरूप सांगितले.

"भूत धुंडाले इतली दूर? आमना तलाठीले भेटा, दुसरं भूतच नही लागाव." (दुसरे भूत शोधावेच लागणार नाही.)

संध्याकाळी आबांच्या अंगणात माणसे जमली. वाट चुकवणारा चकवा, पाण्यातल्या आसरा, पिंपळावरचा मुंजा. जो तो आपल्या ओळखीच्या माणसाबद्दल सांगावे तसा सांगत होता. मी खूश होतो. इतकी माणसे माझ्याशी बोलत बसल्याला किती दिवस झाले होते, हेही त्या खुशीत असावे.

दुसऱ्या दिवशी आखाजी (अक्षय तृतीया) होती. खानदेशात हा मोठा सण. सासरच्या मुली माहेरी येतात. निंबाला झोके बांधलेले होते आणि गाणी दुपारपर्यंत थांबली नाहीत. त्याच दिवशी मेलेल्यांसाठी नवी घागर पाण्याने भरतात, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवतात आणि एका माणसाला मेलेल्याच्या जागी जेवायला बसवतात. त्याला पितरच म्हणतात.

आबांची भावजय, अक्का, सत्तरीची. तिचा मुलगा नाना दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. माझ्याच वयाचा होता. त्याच्या जागी बसणारा शेजारी आजारी पडला होता.

"तुम्ही बसा भाऊ, नाना म्हनीसन," आबा म्हणाले.

मी लगेच हो म्हटले. कोशासाठी याहून चांगली संधी कोणती?

पाट मांडला. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी. निखाऱ्यावर आगारी (घासाची आहुती) टाकली. अक्काने माझ्या कपाळाला गंध लावले आणि समोर बसली.

"रस गोड शे ना? आपला विहीरवरला आंबाना शे."

मी मान हलवली.

"ढवळ्या बैल इकी टाका (विकून टाकला). तुना लाडका व्हता, पन म्हतारा व्हई गया. राग नको धरू."

मी पोळी मोडली. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती; माझ्या हाताकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, "तठे बरं शे ना तुले?" (तिकडे बरा आहेस ना?)

घास हातातच राहिला. "अक्का, मी नाना नाही," मी म्हणालो. "माझ्या गाडीची वेळ झाली."

गाडी संध्याकाळी होती. आबांना ते ठाऊक होते. त्यांनी माझ्या हातावर पाणी घातले. अक्का ताटाकडे पाहत बसून होती. कोणी ते उचलत नव्हते.

अमळनेरवरून एसटीने धुळ्याला आलो. सरळ आखलेले रस्ते, कापसाच्या जिनिंगची धुराडी, डोळ्यांत जाणारी धूळ. गावात ओळखीचे कोणी नव्हते. रात्री खानावळीत शेजारी जिनमधला एक कामगार जेवत होता. बोलायला कोणी मिळाले म्हणून मी त्याला आखाजीची गोष्ट सांगितली. एक गमतीची रीत पाहिली, अशा थाटात.

तो जेवायचा थांबला. "तुम्ही नही उठनात भाऊ. तो उठना."

"कोण?"

"तिना पोऱ्या. उपाशी गया. आते पुढनी आखाजीलेच ई तो." (आता पुढच्या आखाजीलाच येईल तो.) मग माझ्या ताटाकडे पाहून म्हणाला, "आठे तरी टाकू नका."

ताटातले मी सारे संपवले. सकाळी पुण्याची वाट धरायची होती. ती न धरता अमळनेरची एसटी पकडली.

धरणगावहून खेड्यापर्यंत पायी गेलो. झोके सोडलेले होते. अक्का ओट्यावर धान्य निवडत होती. मला पाहून ती उठली आणि घरातून तांब्या भरून आणला.

"अक्का, माझे चुकले," मी म्हणालो.

"माले काय सांगतस?" ती म्हणाली. "ताट त्यानं व्हतं. त्याले सांगा." (ताट त्याचे होते. त्याला सांगा.)

आत कोपऱ्यात आखाजीला भरलेली तीच घागर होती. डांगर काढून घेतले होते. आता घरचे पाणी तिच्यात भरत. मी समोर बसलो. न दिसणाऱ्यांसाठी गोळा केलेले सगळे शब्द माझ्यापाशी होते, पण न दिसणाऱ्याशी मी जन्मात एक शब्द बोललो नव्हतो. पत्नी गेल्यावर तिच्याशीसुद्धा नाही. अक्का दारात उभी होती.

"नाना," मी म्हणालो, "तुमच्या ताटावरून मी उठलो. गाडीची वेळ झाली म्हणालो, ते खोटे होते. तुमच्या आईने विचारले, तिकडे बरे आहे का. मला ते ठाऊक नव्हते, आणि माझ्या माणसाला मी ते कधी विचारलेही नव्हते, म्हणून उठलो. तुम्हाला उपाशी जावे लागले. मला माफ करा."