मोटरीवर कातलेलं घोंगडं

मी विजेवर सूत कातते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाकं मुरडायची आहेत त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावीत. लोकरीचं सूत, जतकडच्या काळ्या मेंढरांचं, आणि कातायला मोटर. बटण दाबायचं आणि बसायचं. या एवढ्याशा बटणावरून माझ्या सख्ख्या आईनं माझ्याशी उभा दावा मांडला, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं माहेर जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आईला आम्ही अव्वा म्हणतो. शेत पावसावर, पिण्याचं पाणी टँकरवर आणि सगळा भरवसा मेंढरांवर. बायका चालता बोलता कातायच्या. आमच्या घरात एक रीत होती. लेकीनं स्वतः कातलेल्या सुताचं घोंगडं विणून आणलं, की त्यावर पहिल्यांदा बसायचं ते तिला कातायला शिकवणाऱ्या बाईनं. ती बसली म्हणजे लेक शिकली. मग ते घोंगडं अंथरा, पांघरा, देवापुढं घाला, कुणी विचारत नाही. अव्वाच्या घोंगड्यावर तिची आई बसली होती. मला अव्वानंच शिकवलं, पण माझं घोंगडं मात्र राहून गेलं. घोंगड्यापुरतं सूत व्हायच्या आतच माझं लग्न लागलं, आणि मी आले थेट रहिमतपूरजवळ, उसाच्या गावात.

सासरी उसाचा मळा, दारात ट्रॅक्टर, मालक फौजेत. मी चरखा घेऊन उतरले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात मेंढराचा वास चालत न्हाई." चरखा माळ्यावर गेला तो गेलाच. मी गप्प बसले. तेव्हा बसले, आता बसत नाही.

सासूबाई गेल्या, पोरगा नोकरीला पुण्यात राहिला, मालक सुभेदार होऊन पेन्शनीत आले आणि मला साठी लागली. एक दिवस मीच शिडी लावून चरखा खाली काढला. भावाकडं लोकर मागितली, तर तो म्हणाला, "ने की. ओढ्यात टाकायची ती तुला घे. आता लोकर कोन इकत घेतंय?" पोती आली. धुतली, वाळवली, कुसळं वेचली, पिंजून कातायला वळ्या, म्हणजे पेळू केले. सगळं अंगण काळं झालं. मग अव्वाला फोन लावला, "तुला बसायला घोंगडं करतीया."

"करशील तवा बघू," ती म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्या घोंगड्यासाठी एवढी वर्षं मनात धरून बसलेली बाई, आणि बोलणं हे असं! मला राग आला आणि हसूही आलं.

पुढच्याच आठवड्यात मोरीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाडाला आत धातूची पट्टी बसवली. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "भाजी चिरा, भाकरी थापा, पण हात गरागरा फिरवायचं काम विसरा." आता चरख्याचं चाक फिरवायचं असतं ते उजव्याच हातानं. डाव्यानं पेळू ओढायचा. म्हणजे माझा चरखा संपला.

मालक समजूत घालायला आले. "बहुत हो गया. घोंगडं इकत आणू अन् आव्वांना दिऊ. त्यांना काय कळतंय?"

"आवं, तिला कळंल का न्हाई ह्यो सवालच न्हाई. मला कळंल का न्हाई?" मी म्हटलं, आणि त्या दिवशी त्यांचा चहा त्यांनीच केला.

पहिलं यंत्र मी रहिमतपुरातच करून घेतलं. पंपाच्या जळलेल्या मोटरी भरून देणारा एक कारागीर आहे, त्यानं शिलाई मशीनची मोटर माझ्या चरख्याच्या चातीला, म्हणजे सूत गुंडाळायच्या सळईला, पट्ट्यानं जोडून दिली. पायाखालचं बटण दाबलं की चाती फिरणार. फिरली की! अशी फिरली की मालक पेपर टाकून बाहेर आले. "आगं, ह्यो चरखा हाय का एलएमजी मशीनगन?" पाय हलका ठेवावा तर मोटर नुसती कण्हायची, जरा दाबावा तर सुताला एवढा पीळ बसायचा की ते गुंतून माझ्या अंगठ्यालाच आवळायचं. मधलं काही तिला ठाऊकच नाही. वर आणखी हातभर सूत निघालं की थांबून ते चातीवर गुंडाळायचं, तेही उजव्या हाताला झटका देऊन. वा रे वा! ज्या हातासाठी खटाटोप केला त्यालाच जुंपलं. कारागीर म्हणाला, "काकी, शिलाईला एक नंबर चालती ही मोटर." म्हटलं, "मी शिवत न्हाई बाबा, कातती."

दुसरं सुनेनं पुण्याहून फोनवर मागवून दिलं. जेवणाच्या डब्याएवढं, पांढरंशुभ्र, देखणं. आवाज मांजर घुरघुरल्यासारखा. यात चाती नव्हती. आकडे लावलेला एक सांगाडा फिरत होता आणि त्याच्या मध्ये रीळ. पीळ तेच देतं आणि सूत आत ओढून रिळावर गुंडाळतंही तेच. दोन्ही हात मोकळे, आपण फक्त बोटांतून लोकर सोडत जायची. मला वाटलं, सापडलं! कशाचं काय. सूत आत जायचं भोक बाळाच्या नाकपुडीएवढं. ते केलेलं होतं कुठल्यातरी परदेशी, लांब, मऊ लोकरीसाठी. आमची लोकर राठ आणि आखूड, कितीही वेचली तरी कचरा राहतोच. जरा जाड भाग आला की तोंडात घास अडकलाच. मग मी काडीनं कोरत बसायची. रीळ एवढंसं की बूड टेकतंय न टेकतंय तोवर भरायचं. आणि लाईट गेली की सगळंच गप्प. आमच्याकडं लाईट कधी जाते ते विचारू नका, कधी येते ते विचारा. परत पाठवलं. सून म्हणाली, "आई, यंत्र चांगलंय, तुमच्या मेंढ्याच चुकीच्या आहेत." हसत म्हणाली म्हणून सोडलं तिला.

तिसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. घेण्याआधी सुनेला तीनच गोष्टी विचारायला लावल्या. तोंड केवढं, रीळ केवढं, आणि बॅटरीवर चालतं का? आताही कुणी बाई मला यंत्राचं विचारायला आली की मी तिला हेच सांगते. रंगरूप मागाहून बघ. दक्षिणेकडच्या एका सुताराच्या कारखान्यातून ते आलं. लाकडी, जडशीळ, दिसायला अगदी ओबडधोबड. पण तोंडात माझा अंगठा जात होता! रीळ तांब्याएवढं, वेग कमी-जास्त करायला गोल बटण, आणि ओढ किती हवी ते ठरवायला एक पट्टा. तो पट्टा रोज नव्यानं रुसतो, त्याला रोज मनवावं लागतं. तेलही मागतं. पण राठ लोकर मुकाट खातं. मालकांनी मोटरसायकलची बॅटरी जोडून दिली. ती जोडताना तोंडानं कुरकुर चाललीच होती, हात मात्र नीट चालत होते.

मग काय, कातत सुटले. गणपतीत बसले ती संक्रांतीपर्यंत. शेजारपाजारच्या बायका यायच्या, बघायच्या, म्हणायच्या, "ह्ये कातणं व्हय? ह्यो तर मिक्सर झाला." एकदा साताऱ्यातल्या कुठल्याशा हातमागवाल्या मंडळाच्या बाई आल्या. छान साडी, गोड आवाज. सूत बोटात धरून म्हणाल्या, "सुरेख आहे हो, पण याला हातसूत नाही म्हणता येणार." मी म्हटलं, "मग नका म्हणू." त्यांना वाटलं मी वाद घालीन. कशाला घालू? लोकर ओढायची कुठं, सोडायची कुठं, जाडी कधी धरायची, हे माझी बोटं ठरवत होती. मोटरीकडं फक्त फिरायचं काम होतं. गाढवकाम. ते गाढवाला दिलं म्हणून माझं कातणं खोटं कसं होतं?

माहेराजवळच्या विणकरानं ताण्याच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावली आणि सूत मागावर चढवलं. टिकलं. घोंगडं हातात आलं तेव्हा मी ते गालाला लावलं, चांगलं टोचलं, आणि मला फार बरं वाटलं.

जतला निघायच्या आदल्या दिवशी मालक हळूच म्हणाले, "एक सांगू? मोटरीचं काडूच नगंस. म्हातारं मानूस हाय. बसतील अन् खूश हुतील."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. कुणालाच कळलं नसतं. अव्वा बसली असती, रीत पुरी झाली असती. पण मग ती बसली असती ते दुसऱ्याच कुठल्यातरी लेकीच्या घोंगड्यावर. माझ्या नाही. मी पिशवीत घोंगडं भरलं, उरलेले पेळू भरले, आणि मालकांना म्हटलं, "यंत्र गाडीत टाका. बॅटरीपण. मी काय चोरी केलीया व्हय?"

अव्वा सोप्यावर उन्हाला बसली होती. आता ती पंच्याऐंशीच्या पुढं आहे. खांदा धरल्यापासून तिचा चरखाही सुटला. मी घोंगडं तिच्यापुढं अंथरलं. तिनं काठावरून बोट फिरवलं, एक दशी ओढून बघितली, नखानं पीळ उलगडला.

"सूत बरं हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "एकसारखं हाय. लयच एकसारखं हाय."

"मोटरीवर कातलंय, अव्वा."

तिनं बोट काढून घेतलं. जणू चटका बसला. "म्हंजी तू न्हाई कातलंस."

"मीच कातलंय. हात मोडला, चाक फिरवाय येत न्हाई. मोटर नुसती फिरवती."

"फिरवती तीच कातती. म्या न्हाई बसायची."

मग माझं डोकं फिरलं. "जात्यावर दळायचीस तू. आता गिरणीत डबा धाडतीस. त्या पिठाच्या निवदाला देव नगं म्हनतोय का? देवळात आरतीला बटण दाबून नगारा वाजवत्यात, तवा टाळ्या पिटतीस की!"

"दळणात हात नस्तो गं. नगाऱ्यात बी नस्तो," ती शांतपणे म्हणाली. भांडताना शांत राहणं ही तिची जुनी खोड आहे, त्यानं समोरचा जास्त पेटतो. "सुतात हात आस्तोय. सुतात मानूस कळतंय. तुला बसवायचंच आसंल तर ज्येनं कातलं त्येला बसीव जा."

"बसवू? बसवतेच!"

मालक म्हणाले, "आगं..." पण मी ऐकायच्या पलीकडं गेले होते. त्यांना गाडीतून यंत्र आणायला लावलं आणि घोंगड्याच्या बरोब्बर मध्यावर ठेवलं. बॅटरी जोडली. बटण दाबलं. रिकामं रीळ गरागरा फिरायला लागलं.

"बसीवलं बघ. फिरतंयबी. आता ह्येला म्हन, कात."

भाऊ दारात येऊन उभा राहिला. वहिनी चुलीपाशी भाकरी सोडून बाहेर आली. यंत्र फिरत होतं. सूत येत नव्हतं, येणार कुठून?

"म्हन की! तूच म्हनतीस न्हवं, फिरवती ती कातती? बघू दे कातताना. संध्याकाळपत्तूर बसते मी इथं."

अव्वा त्या फिरणाऱ्या रिळाकडं बघत राहिली. रागानं बघते की कशानं, मला कळेना. वाटलं, झालं, आता ती उठून आत जाणार, आणि हे कायमचं असंच राहणार.

"पेळू कुठायत?" तिनं विचारलं.

मी पिशवी पुढं केली. तिनं एक पेळू उचलला, बोटांत दाबून बघितला, "पिंजलंय बरं," एवढं म्हणाली. मग हात लांब केला, पण यंत्र घोंगड्याच्या मध्ये, हात पोचेना. ती तशीच बुडावर सरकत सरकत आली, पाय पसरले आणि लोकरीचं टोक यंत्राच्या तोंडाशी नेलं. गप्पकन ओढून घेतलं त्यानं. धागा तुटला.

"बया! लय खादाड हाय गं ह्ये."

मी वेग कमी केला, पट्टा सैल केला. पुन्हा तुटला. मला वाटलं, आता फेकून देणार. तिनं पेळू डाव्या हातात घट्ट धरला, उजव्या बोटांनी पीळ अडवला, जरा सोडला, अडवला, सोडला. आणि सूत चाललं. बारीक, काळं, तिचं सूत. खांदा हलवायचा नव्हता, मांडीवरच्या मांडीवर हात चालत होते. एवढ्या वर्षांनी. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि मला त्याची बिलकूल लाज वाटली नाही.

"अव्वा," मी म्हटलं, "बसलीस की गं."

तिनं मान वर केली नाही. "कोन बसलंय? म्या काततीया. सर तिकडं, उजेड आडवू नगंस."

मी सरले.