शिवेवर उतरणारा मामा

रविवार, १४ डिसेंबर. दुपारी मामाचा डोळा लागला की त्याच्या सायकलची चेन काढायची, एवढं एकच काम आज आहे. पक्कड शेजाऱ्यांकडून आणून ठेवली आहे. तोवर लिहीत बसते.

माझ्या मामाइतका सावकाश निघून इतका लांब गेलेला माणूस मुंबईत दुसरा नसेल. आईचा हा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. गिरणी होती तोवर गिरणीत, मग लालबागच्या एका भांड्यांच्या दुकानात, आणि राहायला कायम नायगावला आमच्या चाळीत, आमच्याच खोलीत. आता चाळीच्या जागी टॉवर झाला, तिथे माझ्याकडे. वर्षाचे अकरा महिने तो चारचौघांसारखा वागे. थंडी पडली की सायकल एसटीच्या टपावर चढवायची, दोडामार्गाकडे आमच्या गावी उतरायचं आणि तिथून महिनाभर गायब. एका बाजूला गोवा, दुसऱ्या बाजूला बेळगाव, वर चंदगड. जिथे एक राज्य संपतं आणि दुसरं अजून नीट सुरू झालेलं नसतं, असे रस्ते त्याला आवडत. मोठ्या रस्त्याचा त्याला तिटकारा. "हायवेर माणूस भेटणा नाय गो, नुसतो जाता," म्हणायचा. काजूच्या बागांतून, तिलारीच्या कडेकडेने, दिवसाला दोन गाड्या दिसल्या तर रहदारी फार झाली म्हणणारा हा माणूस. आपण कुठल्या राज्यात आहोत हे तो पाटीवर बघत नसे, समोरचा हाक कशी मारतो त्यावरून ठरवी. 'काय पाव्हणं' म्हणाला की चंदगड, 'खंय वता' म्हणाला की गोवा, 'यल्लिगे होंटीरी' म्हणाला की कर्नाटक, आता चहात साखर जास्त मिळणार.

सामान म्हणजे एक टॉवेल, पायमोज्यात गुंडाळलेला पाना, आणि शर्टाच्या खिशात विडे आणि बिड्या. मामा स्वतः बिडी ओढत नाही. ती शिवेवरच्या राखणदारासाठी. आमच्याकडे गावाच्या शिवेला राखणदार असतो. दिसत नाही, पण असतो. कुठल्याही गावाची शीव आली की मामा सायकलवरून उतरणार, दगडापाशी विडा आणि बिडी ठेवणार, हात जोडणार आणि खणखणीत गाऱ्हाणं घालणार: "बा म्हाराजा, ह्या शिवेचो तू राखणदार. मी अमक्याचो झील, तमक्या गावचो, मुंबैत ऱ्हवतंय. तुझ्या गावातसून जातंय. वाट सुखाची कर रे म्हाराजा!" मग "व्हय म्हाराजा" हे बाकीच्यांनी द्यायचं उत्तरही स्वतःच द्यायचा, कारण सोबत कोणी नसे. आणि मग सायकल हातात धरून शीव चालत ओलांडायची. "दुसऱ्याच्या उंबऱ्यार कोण सायकलीन चढता?" हे त्यावरचं स्पष्टीकरण. असा प्रवास केल्यावर दिवसाला किती अंतर कापलं जाणार? पण त्याला पोचायचं कुठे होतं!

मी आठवीत असताना माझ्या सुट्टीसाठी तो एकदा मे महिन्यात निघाला, तेव्हा मी त्याच्या कॅरिअरवर बसून गेले होते. तिथे एका घराचा गोठा गोव्यात आणि चूल महाराष्ट्रात होती. घरातली बाई ताक घेऊन बाहेर आली तर मामा तिच्या गोठ्यासमोर हात जोडून उभा.

"काय करतास हो?"

"गाऱ्हाणां घालतंय. शीव हयसून जाता मां?"

"शीव जाता, पण थंय म्हस बांधलीहा. राखणदार नाय."

"मगे म्हशीकच सांगतंय," मामा म्हणाला, आणि विडा त्या म्हशीने खाल्ला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ती बाई मात्र पुढे कित्येक वर्षं मामाच्या हाती आमच्यासाठी कोकमाची सोलं पाठवत होती. लोक त्याच्याकडे काहीही देत. या गावची पणजी आजारी असल्याचा निरोप त्या गावच्या लेकीला, फणस, कोंबडीची पिल्लं. माझ्यासाठी एक स्थळही असंच कॅरिअरवरून आलं होतं. मुलगा काय करतो विचारलं तर मामा म्हणाला, "सायकलीवरसून उतरल्याशिवाय अख्खो चढ मारता." आईने कपाळावर हात मारला. मी लग्न दादरच्या मुलाशी केलं. त्याला उतारावरही सायकल येत नाही.

टॉवरमध्ये राहायला आल्यावर मामा पहिल्यांदा वाट चुकला तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. नायगावात आता सगळेच चुकतात. ज्या वडापाशी वळायचं तो वड नाही, ज्या दुकानापाशी थांबायचं ते पत्र्याआड गेलेलं. मी स्वतः एकदा शेजारच्या विंगमध्ये जाऊन दुसऱ्याच्या दाराला चावी लावून आले होते.

मग दिवाळीनंतर एका सकाळी परळच्या पुलाखालून एका हवालदाराचा फोन आला. आजोबा तुमचे का? टॅक्सी करून गेले. मामा सायकल धरून शांत उभा होता. हवालदाराच्या हातात विडा आणि बिडी.

"ताई, सिग्नलला उतरले, माझ्यासमोर आले, हात जोडले," हवालदार सांगू लागला, "आणि गाऱ्हाणंच घातलं हो. तू ह्या शिवेचो राखणदार म्हणाले. मागे गाड्या बोंबलतायत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी कणकवलीचा. मी म्हटलं, व्हय म्हाराजा. दुसरं काय म्हणणार?" त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. "मग त्यांच्या खिशातली तुमच्या नंबरची चिठ्ठी बघून तुम्हाला फोन लावला."

घरी येईपर्यंत मामा खुशीत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरून कोणी तरी उत्तर दिलं होतं.

त्यानंतर तो कॉटन ग्रीनच्या गोदामांकडे सापडला, ट्रेलरच्या रांगेत, उलट्या बाजूने सायकल चालवत. ट्रेलरवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज हे असं लिहिता येतंय. डॉक्टरांनी तपासलं, आजाराचं नाव सांगितलं आणि सायकल बंद म्हणाले. मी मामाला तसंच सांगितलं. आडवळणाने बोलणं मला जमत नाही.

"जानेवारीत चंदगडाक जाऊचा आसा माका."

"डॉक्टर नको म्हणतात."

"डॉक्टर खंयचो?"

"दादरचा."

"मगे? त्येका चढ काय म्हायत?"

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. म्हणजे विसरला असावा. रोज सकाळी मात्र सायकल लिफ्टमध्ये उभी करून खाली नेतो, आणि मी मागून धावते. कुलूप लावून पाहिलं. कुलूप दिसलं की रडतो. कोणी लावलं, का लावलं, विचारत राहतो. विकून टाक असं नवरा म्हणतो. पण सायकल दिसली नाही तर मामा ती शोधायला पायी निघेल. चेन नसली की सायकल नुसती नादुरुस्त. नादुरुस्ती त्याला समजते, तिचा त्याला राग येत नाही.

मामाचा डोळा लागला. चेन काढली. एका कडीवर बारीक चाप असतो, तो सरकवला की चेन सुटते. पाच मिनिटांचं काम, मला बराच वेळ लागला. तेलाने हात बरबटले. वर्तमानपत्रात गुंडाळून चेन रव्याच्या रिकाम्या डब्यात ठेवली. पक्कड परत केली.

सोमवार, १५ डिसेंबर. सकाळी मामा सायकल घेऊन खाली गेला. मी ऑफिसचा डबा भरत होते, तो तसाच टाकून मागोमाग उतरले. फाटकापाशी त्याने पायडल दाबलं, ते नुसतंच फिरलं. वाकून बघितलं, मागच्या चाकाला हात लावला. वर बघून मला म्हणाला, "चेन पडली गो वाटेत खंय तरी. आता टेम्पो येयसर थांबाक व्हया." सायकल भिंतीला टेकवली आणि कुंडीच्या कठड्यावर बसला. समोरच्या रस्त्याकडे तो अशा नजरेने पाहत होता, जणू तिथे बस नाही, पत्रे नाहीत, नुसती झाडं आहेत.

"आता आपण कुठे आहोत, मामा?" मी विचारलं.

"घाट चढलंव. फुडे चंदगड," तो म्हणाला, आणि थोडा सरकला. "बस. दमलं असशीत."

मी ऑफिसला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं, आणि त्याच्या शेजारी बसले.