मागच्या चाकाला कारचा टायर

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोटारसायकलच्या मागच्या चाकाला कारचा टायर होता. ते ध्यान इतकं विचित्र दिसायचं, की सोलापुरात दवाखान्याच्या दारात गाडी लावली की चार माणसं हमखास गोळा व्हायची. कुणी वाकून बघायचं, कुणी चपलेच्या टोकानं टायर ढोसायचं, आणि मग "काका, हे काय काढलंय?" मला भयंकर राग यायचा. आत माझी आई डायलिसिसच्या मशीनला जोडलेली आणि बाहेर या लोकांची करमणूक चाललेली. अण्णा मात्र शांतपणे सांगायचे, "काटा लागत न्हाय हिला."

आमचं गाव कुंभारीच्या पुढे, अक्कलकोट रस्त्यावरून उजवीकडे आत वळलं की लागतं. थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या-मेंढ्या, हाच आमचा संसार. मी लग्न होऊन सोलापुरात आले, नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला लागले. भाऊ पुण्यात. आईच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा माझ्याकडे येऊन राहा म्हणून मी दोघांशी कडाकडा भांडले. आईचं एकच, "शेरडं कोण बगंल?" मरणाच्या दारात उभी असलेली बाई शेळ्यांची काळजी करते याला काय म्हणायचं? मी कपाळाला हात लावला.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही सकाळच्या पहिल्या पाळीत. तेवढ्या लवकर गावातून एसटी नाही, रिक्षात तिला मळमळायचं. म्हणून अण्णांची जुनी, वजनदार मोटारसायकल. पण आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळी. एका सकाळी मागच्या चाकात काटा गेला. पंक्चरवाला अजून उठलेला नव्हता. अण्णा गाडी ढकलत पुढे आणि आई पदर खोचून मागे, असे ते चालत राहिले. दवाखान्यात पोचेपर्यंत मशीनवर दुसरा पेशंट घेतलेला होता. दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली, पण तोवर आईच्या अंगात पाणी चढलं. आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसून राहिली आणि अण्णा तिच्यासमोर बसून तिचा श्वास बघत राहिले. त्या काट्याचं त्यांनी इतकं मनावर घेतलं, की त्याच आठवड्यात ते गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले आणि म्हणाले, हिला काटा लागणार नाही असं काहीतरी कर.

मेकॅनिकनं मागचं रिम बदललं, चाक धरणारा मागचा चिमटा थोडा फाकवला आणि छोट्या कारचा जाडजूड टायर बसवून दिला. मी तिथं होते. तो म्हणाला, "काका, मोटारसायकलचा टायर गोल असतो, म्हणून ती वळताना कलती. ह्यो बुडाला सपाट हाय. सरळ रस्त्याला रेल्वेगत पळंल, पण वळणावर तुमचं ऐकायची न्हाय." मी म्हटलं, न ऐकणारं एक माणूस घरात होतंच, आता गाडी पण तसलीच झाली. अण्णा हसले नाहीत.

पहिल्याच दिवशी परत येताना गावाच्या वळणावर गाडी जेवढी वळायला हवी तेवढी वळली नाही. दोघंही रस्ता सोडून थेट ज्वारीत. कुणाला काही लागलं नाही. अण्णा घाबरून तिला उठवायला गेले तर आई ज्वारीच्या ताटांमध्ये बसून पोट धरून हसत होती. आजारपण आल्यापासून ती तशी हसली नव्हती. मग तिनंच उपाय काढला. "तुमी एकटं वाकून काय व्हतंय? मी बी वाकते की."

पण एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई दोन्हीकडे वाकणार कशी? आई नऊवारी नेसायची. तिनं कासोटा घट्ट केला आणि गड्यासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसली. गावातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आई म्हणाली, "मेंढरांमागं घोड्यावर बी अशीच बसत हुते. हसा खुशाल."

दोघांच्या खुणा ठरल्या. डावीकडे वळायचं असलं की अण्णा डाव्या हातानं तिच्या गुडघ्यावर हलकेच थाप मारायचे. उजवा हात ॲक्सिलरेटरवर अडकलेला, म्हणून उजवीकडे वळताना ते खाकरायचे. ती खूण झाली की दोघं एकदम झुकायची आणि ती हट्टी गाडी मुकाट वळायची. आमच्याकडे नवरा-बायको चारचौघांत एकमेकांना हात लावत नाहीत. पण माझ्या म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यावर भर अक्कलकोट रस्त्यावर थाप पडायची, आणि तिला ते आवडायचं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. त्यानंतर तिचं एकही डायलिसिस चुकलं नाही.

मग ती वाळत चालली. दवाखान्यात मशीनला जोडायच्या आधी आणि नंतर वजन करतात. सिस्टर आकडा सांगायची आणि मी घाबरून अण्णांकडे बघायचे. त्यांना ते आधीच कळलेलं असायचं. एकदा बाहेर चहा पिताना म्हणाले, "वळणावर कळतंय गं. पूर्वी ती वाकली की गाडी यायची. आता मलाच लई जोर लावाय लागतोय." त्यांनी चहा तसाच ठेवला. मी चहावाल्यावर उगाच खेकसले.

आई गेली ती दवाखान्यातच. मशीनवर असतानाच तिचा रक्तदाब एकदम खाली आला आणि परत वर आलाच नाही. तिला रुग्णवाहिकेतून गावी न्यायचं ठरलं. अण्णांना आम्ही आत बसा म्हटलं तर म्हणाले, "गाडी हितं कशी सोडू?" आणि ते मागून मोटारसायकलवर निघाले. मी आईच्या पायापाशी बसून मागच्या काचेतून त्यांच्याकडे बघत होते. कुंभारी मागे पडली, आमचं वळण आलं, रुग्णवाहिका उजवीकडे आत शिरली. अण्णा शिरले नाहीत. गाडी त्यांना घेऊन सरळ पुढे निघून गेली.

मी ड्रायव्हरला थांबवलं आणि उतरून पळत रस्त्यावर आले. अण्णा थोडं पुढे जाऊन दोन्ही पाय टेकवून उभे होते. तोंड अक्कलकोटकडे. मला बघून म्हणाले, "वळंना गं गाडी. मी खाकरलो बी."

त्या दिवशी मी कधी नाही ते रस्त्यात बसून रडले.

यानंतर कुणालाही वाटेल, की आता तो टायर काढला असेल. छे. भावानं पुण्याहून फोन करून सांगितलं, मी सांगितलं, मेकॅनिकनं तर घरी येऊन सांगितलं. अण्णांचं एकच, "टायर नवा हाय अजून." ते खरंही होतं, त्याच्या कडेचे रबरी केससुद्धा अजून गेले नव्हते. बाजाराला जायचं तर ते गाडीवर जायचे, आणि आमचं वळण आलं की खाली उतरून गाडी हातानं ढकलत रस्ता ओलांडायचे. त्या रस्त्याला ट्रक कसे येतात ते मला माहीत आहे. माझ्या डोळ्यांसमोर सारखं तेच यायचं. आई गेली ती गेली, आता या टायरपायी आपण अण्णांनाही घालवणार.

मग एका रविवारी ते बाजाराला आले असताना मी म्हटलं, मी पण येते गावाला. पंजाबी ड्रेस होता. मी दोन्हीकडे पाय टाकून मागे बसले. त्यांनी एकदा वळून बघितलं आणि गाडी सुरू केली.

आमचं वळण जवळ आलं. अण्णा उतरायला म्हणून वेग कमी करतील असं वाटलं होतं. त्यांनी केला नाही. ते खाकरले. कदाचित सवयीनं असेल, कदाचित खरंच घशात काही आलं असेल. मी उजवीकडे झुकले. तेही झुकले. आणि गाडी वळली, अगदी सहज, आत आमच्या रस्त्याला लागली.

मला इतका आनंद झाला, की मी ओरडलेच, "अण्णा, वळली!" त्यांनी बाभळींपाशी गाडी थांबवली. मी खाली उतरून समोर गेले तर त्यांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. आईच्या चितेपाशीही ते असे रडले नव्हते.

"तिच्याबिगर वळली की गं," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपणहून जाऊन रिम आणि टायर दोन्ही बदलून घेतले. कारचा टायर घरी आणला, गोठ्यात आडवा टाकला. त्यात आता शेरडांचा पाला टाकतात. मी गेले तेव्हा आईची लाडकी पाठ, म्हणजे तरणी शेळी, त्यात तोंड घालून खात होती. दारात गाडी उभी होती, चारचौघांच्या गाड्यांसारखी, बारीक गोल टायरची. मी विचारलं, "आता नीट वळते का?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "एकट्याला बी वळती."