न संपणारा हातमोज्यांचा डबा

लखीराम घाटंजीकडच्या बंजारा तांड्यातला. यवतमाळच्या एका सायन्स कॉलेजात सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा त्यानं सांभाळली. माणूस असा की कुठलीही वस्तू फेकायची म्हटली की त्याच्या जिवावर यायचं. कडा फुटलेल्या काचेच्या भांड्यात तो तुळस लावायचा आणि वर आपल्यालाच विचारायचा, काय वाईट दिसते काय?

सतरा सालच्या हंगामात बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि अळीवर मारलेल्या विषानं माणसं. लखीरामचा धाकटा भाऊ भारत उघड्या हातांनी फवारून आला आणि संध्याकाळी त्याला दिसेनासं झालं. बारा दिवस दवाखान्यात काढले, तेव्हा नजर परत आली. पुढं तांड्यात हातमोजे वाटले गेले, ते कसे वापरायचे हे शिकवायला एक बाई आल्या. साबणानं धुवा, उलटे करा, दोरीवर वाळवा, पुन्हा घाला. लखीरामनं हे व्रतासारखं उचललं. ज्याच्या अंगणात दोरीवर मोजे दिसत नाहीत त्याला तो मोठा-लहान न बघता झापायचा, आणि खरं सांगतो, बरंच करायचा.

दुसऱ्या वर्षी कॉलेजातल्या तीन पोट्ट्यांनी भलतंच डोक्यात घेतलं. बबिता तांड्यातली, साकेत आणि स्पृहा शहरातल्या नोकरदार घरांतली. त्यांना फवारणीचं विष तोडणारं प्रथिन बनवायचं होतं, म्हणजे पंप धुतलेलं पाणी निर्धोक करता येईल. प्रथिन कसं बनवायचं याचा निरोप आरएनएच्या पट्टीवर लिहिलेला असतो. जिवाणू फोडून काढलेल्या रसात ती पट्टी टाकली की रस तो निरोप वाचतो आणि प्रथिन बनवतो. प्रथिन तयार झालं की विष तुटतं आणि नळीतलं पाणी पिवळं होतं. पण सरळ पट्टी टोकांपासून कुरतडली जाते, लवकर संपते. बबिता म्हणाली, टोकंच ठेवायची नाहीत. दोन्ही टोकं जोडून कडं करायचं, म्हणजे रस गोल गोल वाचत राहील. हे सगळं तिनं लखीरामला तांड्याच्या गोरबोलीत समजावलं, तेव्हा त्याचा ऊर भरून आला. विष तुटलं तर दुसऱ्या कुणा भारतवर ती वेळ येणार नाही, एवढं त्याला पक्कं कळलं.

पहिल्या आठवड्यात सरळ पट्टीनं थोडं पिवळं दाखवलं. नंतर कड्याची पाळी आली आणि सगळं फिसकटलं. तीनदा केलं, तीनदा पाणी ते पाणीच. साकेत तोंडाचा फटकळ, तो बबिताला म्हणाला की तुझ्या कड्यापायी आमचंही वर्ष पाण्यात. प्रयोगावर देखरेख करणाऱ्या रत्नप्रभा मॅडमनीही हिशेबी माणसासारखं सांगून टाकलं. सामान एकाच खेपेचं उरलंय, ती सरळ पट्टीवर लावा, कड्याचा नाद सोडा.  पोरगी मान खाली घालून टेबल पुसत बसली.

लखीरामला राहवलं नाही. आरएनए एवढं मरते तरी कायनं, असं त्यानं तिला विचारलं. ती म्हणाली की माणसाच्या घामात एक चीज असते, ती पट्टीला टोक असो नसो, मधूनच कापते. उकळलं तरी ती मरत नाही, धुतलं तरी पुरती जात नाही. म्हणून तर आपण दर वेळी नवे मोजे घालतो ना, काका.

लखीरामनं मागच्या खिडकीकडे पाहिलं. प्रयोगशाळेच्या मागं दोरीवर अकरा जोड वाळत होते! पोट्टे मोजे काढून टाकायचे, हा बहाद्दर ते गोळा करून धुवायचा, उलटे-सुलटे करून वाळवायचा, थोडी पावडर लावायचा आणि घडी घालून पुन्हा डब्यात. आपल्याकडचा डबा कसा संपतच नाही म्हणून साकेत हसायचा, आणि लखीराम मनातल्या मनात फुगायचा. पहिल्या आठवड्यात डबा खरंच नवा होता, म्हणून तेव्हा सरळ पट्टी तेवढी चालली.

आता बघा, गुपचूप ते मोजे टाकून दिले असते तर कोणाला पत्ता लागणार होता? सत्तावीस वर्षांत त्याच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं, आणि निवृत्तीला चार महिने राहिले होते. पण तो गप्प बसला असता तर शेवटची खेप सरळ पट्टीवर गेली असती आणि बबिताचं कडं कायमचं खोटं ठरलं असतं. लखीराम मागं गेला, दोरीवरचे सगळे मोजे ओंजळीत घेतले आणि मॅडमच्या टेबलावर आणून ठेवले. तिघंही तिथंच होती.

"तुह्या कड्यात खोट नाई, बेटा," तो बबिताला म्हणाला. "ते माह्या हातानं मेलं."

मग त्यानं सगळं सांगितलं, भारतपासून. साकेतचं तोंड एवढंसं झालं. मोजे बाजूला सारून मॅडम म्हणाल्या, शेवटची खेप कड्यावरच लावा.

सोमवारी नवा डबा फोडला. एकेक जोड वापरून फेकणं लखीरामच्या जिवावर येत होतं, पण तो स्वतः टोपलीशी उभा राहून फेकून घेत होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्पृहानं हाक मारली. सरळ पट्टीच्या जुन्या नळीपेक्षा कड्याची नळी पिवळी होती, आणि तासाभरानं आणखी पिवळी झाली, हळदीच्या पाण्यासारखी. साकेतनं बबिताची सगळ्यांदेखत माफी मागितली. लखीराम भिंतीला टेकून रडला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

नागपूरच्या विज्ञान स्पर्धेला पोरांनी त्याला ओढूनच नेलं. प्रयोगाच्या तक्त्यावर चौथं नाव त्याचं होतं. एका परीक्षकानं चष्म्यावरून बघत विचारलं की यात तुमचं काम काय होतं.

"मी बिघडवलं, साहेब," लखीराम म्हणाला. "आन् मंग सांगतलं."

आजूबाजूचे हसले. बबिता हसली नाही. ती पुढं झाली आणि म्हणाली, "यांनी सांगितलं नसतं, तर आमचं बरोबर असलेलं कडं आम्ही चूक समजून फेकून दिलं असतं."

परीक्षकानं चष्मा काढला आणि उठून लखीरामचा हात हातात घेतला. पहिला नंबर यवतमाळचा आला.